पावसाळ्यात अडकलेल्या घराचा शिधा: पाणी आणि जाळ मोजून केलेला स्वयंपाक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि अथणी या पट्ट्यात पावसाळ्यात अडकून पडण्याचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकासाठी लागणारा शिधा वेगळा आहे, हे डबे भरायला घेण्याआधी लक्षात घ्यावे. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठच्या गावांत घरच सोडावे लागते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला आणि भीमगड अभयारण्यातील गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव अशा गावांत घर शाबूत असते, पण नदी-ओढ्यांचे पाणी वाट अडवते आणि बाजार आठ-आठ दिवस दुरावतो. बेळगाव शहरात किंवा निपाणीत बहुतेक भागांत यांपैकी काहीच होत नाही. तिथे फक्त वीज जाते, वीज गेली की नळाचे पाणी जाते, आणि महामार्गावर यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी आले की भाजी आणि दुधाच्या गाड्या थांबतात.

या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट मात्र समान असते. घरातले धान्य सहसा संपत नाही. संपते ते पिण्याचे पाणी आणि जाळण्याचे इंधन. साधा हिशोब मांडून पाहावा. आपत्तीच्या वेळी मदतकार्यात माणशी रोज सुमारे २१०० किलोकॅलरी हा आधार धरला जातो, आणि त्यासाठी ढोबळ मानाने ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि २५ ग्रॅम तेल लागते. उरलेली भर गूळ, शेंगदाणे अशा जिनसांतून पडते. चार माणसांच्या घराला सात दिवसांसाठी म्हणजे ११ किलो २०० ग्रॅम धान्य, १ किलो ६८० ग्रॅम डाळ आणि ७०० ग्रॅम तेल पुरते. हे सगळे एका मध्यम पिंपात मावते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर पाणी धरले तर त्याच घराला त्याच सात दिवसांत ८४ लिटर पाणी लागते, आणि त्यात अंघोळ, धुणे किंवा भांडी यांचा थेंबही धरलेला नाही. म्हणून अडचणीच्या आठवड्याचा स्वयंपाक ठरवताना ‘घरात काय आहे’ हा प्रश्न दुसरा असावा. ‘या पदार्थाला पाणी किती आणि जाळ किती’ हा पहिला असावा. पुढील सगळी मांडणी या क्रमानेच केली आहे.

पिठाचा प्रश्न

आपल्याकडे शिधा म्हटला की शाळूचे, म्हणजे रब्बी जोंधळ्याचे, पोते डोळ्यांसमोर येते. पोते भरलेले असणे चांगलेच, पण वीज नसली की गिरणी बंद असते आणि गिरणी बंद असली की त्या पोत्यातल्या जोंधळ्याची भाकरी होत नाही, ही बाब बहुतेकांच्या ध्यानात ऐनवेळी येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात निदान आठवडाभराचे दळलेले पीठ असावे, आणि ते सतत वापरून पुन्हा दळून आणावे. जोंधळ्याचे पीठ फार दिवस ठेवता येत नाही. दमट हवेत तीन-चार आठवड्यांत त्याला कडवटपणा येतो आणि त्याची विरी जाते, म्हणजे भाकरी थापताना कडा फाटतात आणि ती तव्यावर टाकताना तुटते. असे विरी गेलेले, पण वासाला ठीक असलेले पीठ टाकून देऊ नये. पाण्याला उकळी आणून त्यात चिमूटभर मीठ घालावे, पीठ घालून उकड काढावी, झाकून पाच मिनिटे ठेवावी आणि मग मळावी. भाकरी थापता येते, आणि नच जमली तर तीच उकड लाटून घेता येते.

पिठाखेरीज दोन-तीन किलो जोंधळ्याच्या कण्या भरडून ठेवणे फार सोयीचे आहे. कण्यांना गिरणी लागत नाही, थापायला हात लागत नाहीत, आणि ताकात किंवा आमसुलाच्या पाण्यात शिजवलेल्या मऊ कण्या म्हाताऱ्या माणसांना व आजारी मुलांना चालतात. नाचणीचे पीठही असेच उपयोगी आहे. आंबील करण्यासाठी ते खानापूरकडच्या घरांत असतेच.

आणि मग कडक भाकरी. अडचणीच्या शिध्यात माझ्या मते हिच्याइतका उपयोगी पदार्थ आपल्या भागात दुसरा नाही. उकड काढलेल्या पिठाची भाकरी शक्य तितकी पातळ लाटावी किंवा थापावी, तव्यावर दोन्हीकडून भाजावी, आणि मग मंद आचेवर कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत तिच्यातले सगळे पाणी जाऊ द्यावे. भाकरी हातात घेऊन वाकवली असता न वाकता कटकन मोडली पाहिजे. मधोमध जरा जरी मऊपणा राहिला तरी त्या एका भाकरीमुळे सगळ्या चळतीला बुरशी येते. पूर्ण गार झाल्यावर, उन्हाचा दिवस असेल तर तासभर ऊन दाखवून, त्या घट्ट झाकणाच्या डब्यात रचाव्यात. नीट वाळलेली भाकरी महिना-दीड महिना सहज टिकते. तिला खाताना जाळ लागत नाही, पाणीही जवळजवळ लागत नाही. बेळगावात आणि तालुक्याच्या गावांत ती विकतही मिळते, त्यामुळे घरी वेळ नसेल तर विकत आणण्यात कमीपणा मानू नये; फक्त आणलेला गठ्ठा उघडून, एखादी मोडून पाहून, आपल्या डब्यात भरावा. विकतच्या पातळ पिशवीत पावसाळी हवा शिरायला वेळ लागत नाही.

बिनजाळाचे पदार्थ

वीज आणि गॅस दोन्ही नसताना पहिले दोन दिवस निभावतील असे पदार्थ घरात असलेच पाहिजेत. पुराच्या पाण्यात चूल विझते, ओली लाकडे पेटत नाहीत, आणि विजेच्या शेगडीचा तर प्रश्नच येत नाही.

कडक भाकरीचा काला हा त्यांतला पहिला. दोन भाकरी हाताने बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांत मोडाव्यात, त्यावर ताक किंवा दही घालावे आणि ते नसेल तर चिंचेचे पातळ पाणी शिंपडावे, बारीक चिरलेला कांदा, शेंगाची (शेंगदाण्याची) चटणी, मीठ आणि चमचाभर कच्चे तेल घालून कालवावे. पाच मिनिटांत खावे, म्हणजे अर्धे तुकडे मऊ आणि अर्धे कुरकुरीत लागतात. जास्त वेळ ठेवला की सगळा लगदा होतो आणि मुले तोंड फिरवतात.

खानापूरच्या बाजूला नारळ हाताशी असतो, तिथे दडपे पोहे करावेत, कारण त्यांना पिण्याच्या पाण्यातला वाटा द्यावा लागत नाही. पातळ पोहे चाळून घ्यावेत. एक नारळ फोडून त्याचे पाणी बाजूला ठेवावे, खोबरे खवावे, त्यात बारीक चिरलेला कांदा, मिरची, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू चोळावे, मग पोहे घालून वरून थोडे थोडे नारळाचे पाणी शिंपडत हलक्या हाताने कालवावे. वर ताटली ठेवून तिच्यावर वजन ठेवावे आणि पंधरा मिनिटे दडपू द्यावे. खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या ओलाव्यातच पोहे मऊ होतात. फोडणी देता आली तर उत्तम, नाही दिली तरी बिघडत नाही. चार माणसांना एक नारळ आणि पाव किलोहून थोडे अधिक पोहे पुरतात.

चुरमुरे हे पोटाला आधार देतात असे मात्र समजू नये. त्यांचा डबा मोठा दिसतो, वजन काहीच नसते. तरी डाळं, शेंगदाणे, लसणाची चटणी आणि कच्चे तेल लावलेले चुरमुरे संध्याकाळच्या वेळी मुलांना बसवून ठेवतात, आणि अंधाऱ्या, ओल्या संध्याकाळी हेही काम थोडे नसते. थोडासा जाळ असेल तर चुरमुरे भिजवून पिळून घ्यावेत, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतून वर डाळ्याचे कूट पेरावे. हा सुसला पाच मिनिटांत होतो आणि पोटभरीचा होतो. भिजवलेले पाणी ओतून देऊ नये, हात-भांडी धुवायला ठेवावे.

सातूचे पीठ, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि खजूर यांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही, ते असावेत. बिस्किटे आणि तयार नूडल्स थोड्या प्रमाणात ठेवाव्यात, पण नूडल्सना उकळते पाणी लागते आणि त्या खाल्ल्यावर तहानही लागते, हे मोजावे.

जाळ कसा वाचवावा

घरात भरलेला १४.२ किलोचा सिलिंडर राखीव असेल तर आठवडा निघतो. तो मिळण्याची खात्री नसते, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर किंवा कोरड्या लाकडांची एक मोळी आणि गोवऱ्या पोटमाळ्यावर ठेवाव्यात. चूल किंवा शेगडी बंद खोलीत पेटवू नये. पावसाची झड येते म्हणून दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी धगधगत ठेवणे प्राणघातक ठरू शकते. काड्यापेट्या झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवाव्यात.

पाच-सात मिनिटांच्या जाळावर होणारा सर्वांत चांगला पदार्थ म्हणजे हुलग्याच्या पिठाचे पिठले. खानापूरकडे त्याला कुळथाचे म्हणतात. हुलगे आधी भाजून, भरडून, फोलपटे पाखडून मग दळलेले असावेत. कच्च्या हुलग्याच्या पिठाला उग्र वास राहतो आणि ते शिजायलाही वेळ घेते. चार माणसांना पाऊण वाटी पीठ पुरे. ते आधी थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून ठेवावे. तेलात मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण आणि लाल तिखट घालून लगेच तीन वाट्या पाणी ओतावे, मीठ आणि दोन आमसुले टाकावीत, उकळी फुटली की कालवलेले पीठ धारेने घालत ढवळत राहावे. ते आधी पातळ असते, मग दाट होते, मग तळाशी धरू लागते, त्या क्षणी जाळ काढावा. झाकून ठेवल्यावर ते आणखी दाट होते. कडक भाकरी यात बुडवून खाल्ली की दुसऱ्या कालवणाची आठवण होत नाही. बेसनाचे पिठलेही असेच होते. पण पोट जड होण्याची तक्रार असलेल्यांना मुळात हुलगे बरे वाटतात, असा आपल्याकडचा अनुभव आहे.

जास्त वेळ शिजणाऱ्या जिनसांसाठी वाकळ (गोधडी) आणि बुट्टी (टोपली) कामाला लावावी. उकड्या तांदळाची पेज, भिजवलेली तूरडाळ, मसूर किंवा हुलगे हे पदार्थ शेवटपर्यंत जाळावर ठेवावे लागत नाहीत. त्यांना उष्णता लागते, आणि ती कोंडून ठेवता येते. मोठ्या बुट्टीत तळाशी गवत किंवा जुनी पोती अंथरावीत. पातेले निदान पाऊण भरलेले असावे, घट्ट झाकणाचे असावे आणि खळखळून उकळत असतानाच उतरवलेले असावे. उकड्या तांदळाला दहा ते पंधरा मिनिटे, रात्रभर भिजलेल्या डाळीला पंधरा मिनिटे आणि भिजलेल्या हुलग्यांना अर्धा तास सडकून उकळी द्यावी. मग पातेले बुट्टीत ठेवून चारी बाजूंनी आणि वरून वाकळीने गच्च गुंडाळावे आणि झाकण उघडून पाहण्याचा मोह आवरावा. पेज दीड-दोन तासांत होते, डाळ तीन तासांत. काढल्यावर पातेले हाताला चांगले कढत लागले पाहिजे. कोमट झाले असेल तर पुन्हा उकळी आणूनच वाढावे. राजमा मात्र या रीतीने सरळ शिजवू नये. तो पाच तास भिजवून, ते पाणी ओतून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटे खळखळून उकळल्याखेरीज त्यातला विषारी अंश जात नाही, आणि मंद उष्णतेवर अर्धाकच्चा शिजलेला राजमा उलट्यांना कारण होतो. खरे तर अडचणीच्या शिध्यात राजम्याचे कामच नाही. मसूर, मूग आणि हुलगे पुरेसे आहेत.

हुलगे शिजवल्यावरचे पाणी फेकू नये. त्यालाच लसूण-जिऱ्याची फोडणी आणि आमसूल घालून कळण करावे, म्हणजे एका जाळावर एक उसळ आणि एक पातळ असे दोन पदार्थ होतात, आणि वापरलेले सगळे पाणी पोटात जाते. पाणी तुटवड्यात असताना हा नियम सगळीकडे लावावा: ज्या पदार्थाचे पाणी ओतून द्यावे लागते तो पदार्थ त्या आठवड्यात करू नये. तांदूळ एकदाच आणि थोड्या पाण्यात धुवावेत. जेवण पत्रावळीवर वाढावे.

कोणत्या दिवशी काय

पहिल्या दिवशी सुका शिधा उघडू नये. वीज गेल्यावर बंद ठेवलेला फ्रीज साधारण चार तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवसांपर्यंत. म्हणून दूध, दही, आंबवलेले पीठ आणि पालेभाज्या आधी संपवाव्यात, आणि फ्रीज एकदाच उघडून हवे ते सगळे एकदम बाहेर काढावे. मांस-मासळी असेल तर ती त्याच दिवशी शिजवावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कांदा, बटाटा, लाल भोपळा, रताळे, नारळ यांवर भागवावे. भोपळा न कापलेला असेल तर तो आठवडे टिकतो, त्यामुळे मोठा एकच आणण्यापेक्षा दोन लहान आणावेत. त्यानंतर वाळवणाकडे वळावे: वाळवलेली गवार, मेथी, कोहळ्याचे सांडगे, सांडगी मिरची, पापड, कुरडया. वाळवलेली गवार तासभर भिजवून, शेंगदाण्याचे कूट आणि गूळ घालून केली तर ताज्या भाजीची उणीव फारशी जाणवत नाही.

भात ताजा करावा आणि लगेच संपवावा. शिजलेला भात उबदार, दमट हवेत दोन तासांहून अधिक उघडा राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. सकाळी मोठे पातेले भरून भात करायचा आणि रात्री फोडणीचा करायचा, ही एरवीची सवय अशा दिवसांत सोडावी. वाटपात आलेल्या चित्रान्नाच्या किंवा खिचडीच्या पाकिटांनाही हेच लागू आहे; मिळाल्यावर लगेच खावे, राखून ठेवू नये.

चवीची सोय

पोटापुरते अन्न असूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसे कमी जेवू लागतात. भूक नसते असे नाही. तीच खिचडी आणि तोच भात पाहून वीट आलेला असतो. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर होते. म्हणून चटण्या, लोणची आणि आंबट जिनसा यांना शिध्यात चैनीच्या नव्हे तर गरजेच्या खात्यात धरावे.

मिक्सर विजेवर चालतो, तेव्हा चटण्या आधीच कुटून ठेवलेल्या असाव्यात. शेंगाची आणि कारळ्याची चटणी कोरड्या डब्यात महिनाभर चांगली राहते. जवसाची चटणी मात्र दोन-तीन आठवड्यांत खवट होऊ लागते, म्हणून जवस भाजून अख्खा ठेवावा आणि लागेल तसा खलबत्त्यात कुटावा. शेंगदाणे निवडताना कंजूषपणा करू नये: काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा वास येणारा दाणा सरळ फेकावा. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने जात नाही, तिखट-लसणाने फक्त त्याची चव झाकली जाते. एक बाटली तयार फोडणीची ठेवता येते. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्या तडतडवून गार झाल्यावर भरावी. त्यात ओला लसूण किंवा कढीपत्ता घालून मुरवत ठेवू नये, कारण ओलाव्याने तेल बिघडते. हे तेल काल्यावर, पोह्यांवर, भातावर चमचाभर घातले की बिनजाळाच्या जेवणालाही घरचा वास येतो.

दोन जेवणांत चवीचा बदल मुद्दाम करावा. दुपारी तिखट पिठले असेल तर रात्री आंबटगोड आमटी किंवा कण्या; दुपारी मऊ पेज असेल तर तिच्याबरोबर भाजलेला पापड किंवा तळलेली सांडगी मिरची, कारण कुरकुरीत काहीतरी दाताखाली आले की पेजही जेवणासारखी वाटते. गोडाची सोय गोकाकच्या करदंटाने उत्तम होते. डिंक, गूळ आणि सुकामेवा यांचा हा पदार्थ टिकतो, थोडासा खाल्ला तरी ताकद देतो आणि वाटून देता येतो. शेंगाच्या पोळ्याही आठवडाभर राहतात. बेळगावच्या कुंद्याची गोष्ट वेगळी. तो दुधाचा असल्यामुळे शिध्यात ठेवायचा जिन्नस नव्हे, आणि तसेही तो कुणाच्या घरात आठवडाभर उरल्याचे ऐकिवात नाही.

शक्य असेल तेव्हा दिवसातून एक जेवण सगळ्यांनी उजेड असतानाच एकत्र बसून घ्यावे. मेणबत्ती वाचते, वाढण्यात नासाडी होत नाही, आणि कोण कमी जेवते आहे हे नजरेला येते.

पाणी आणि बिघडलेला शिधा

पावसाचा जोर वाढल्याचे दिसताच घरातल्या सगळ्या घागरी, बिंदग्या (लहान घागरी), कुकर आणि झाकणाचे डबे भरून घ्यावेत. पूर येऊन गेलेल्या विहिरीचे पाणी कितीही निवळ दिसले तरी प्यायला घेऊ नये. गढूळ पाणी तुरटी फिरवून किंवा दुपदरी स्वच्छ कापडातून गाळून, मग निदान एक मिनिट खळखळून उकळावे. इंधन नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. जुलाब सुरू झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात असावे. मीठ अंदाजाने वाढवू नये.

पुराचे पाणी लागलेले पोत्यातले धान्य, पीठ, साखर, पिशवीतली डाळ आणि फिरकीच्या झाकणाच्या बरण्या यांचा मोह सोडावा. धान्य वाळवून वापरता येईल असे वाटते, पण त्या पाण्यात शेतातली औषधे आणि गटारातली घाण असते. कारखान्यात बंद केलेले, न चेपलेले, न फुगलेले पत्र्याचे डबे तेवढे साबणाने धुऊन, निर्जंतुक करून वापरता येतात. फुगलेला डबा उघडूनही पाहू नये. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे, पिवळसर आणि पाण्यावर तरंगणारे दिसले, तर त्यांना प्लास्टिकचा तांदूळ समजून वेचून टाकू नये. ते लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेले पोषक दाणे असतात आणि शंभर दाण्यांत साधारण एक या प्रमाणात मुद्दाम मिसळलेले असतात.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईचे दूधच द्यावे. वाटपात दुधाची भुकटी आली म्हणून ती सुरू करू नये, कारण बाटली उकळायला आणि भुकटी कालवायला लागणारे स्वच्छ पाणी नेमके तेव्हाच नसते.

घर सोडायचे असेल तर

नदीकाठच्या घरांत शिध्याचे दोन भाग करावेत. एक पोटमाळ्यावर, झाकणाच्या पिंपांत. दुसरा एका पिशवीत, दाराजवळ. जनावरे आधी हलवावी लागतात आणि त्या धावपळीत पिशवी राहून जाते, म्हणून ती कुणी उचलायची हे घरातल्या एका माणसाला नेमून द्यावे. काळजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या सरकारी निवारा केंद्रात) भात आणि सांबार मिळते, त्यामुळे या पिशवीत धान्य भरण्यात अर्थ नाही. तीस-चाळीस कडक भाकरी, दोन चटण्या, लिंबाचे लोणचे, शेंगदाणे-गूळ, पोहे, मेतकूट, एक पातेले, चाकू, पेले आणि माणशी दोन लिटर पाणी एवढे असावे. मधुमेह असलेल्यांना रोज तिन्ही वेळा भात खावा लागणे त्रासाचे असते. त्यांच्यासाठी या भाकरी आणि भाजलेले फुटाणे अधिक न्यावेत आणि औषधे त्याच पिशवीत ठेवावीत.

भरणी केव्हा करावी

शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, मिरची त्याच सुमारास बाजारात येते, वाळवणे एप्रिल-मेच्या उन्हात होतात. त्यामुळे पिंपे भरण्याचे काम मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पुरे करता येते. धान्य कडक ऊन दाखवून, गार करून, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासह भरावे. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावावा. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहावी. पीठ, कडक भाकरी आणि जवस दर महिन्याला बदलावेत, शेंगदाणे महिन्यातून एकदा उघडून वास घ्यावा. दसऱ्याला पाऊस ओसरला की उरलेले पोहे, पापड आणि चटण्या रोजच्या जेवणात काढाव्यात, पिंपे धुऊन उन्हात पालथी घालावीत, आणि छोट्या सिलिंडरची नळी व वायसर तपासून तो पुन्हा भरून आणावा.